मतदारांची यादी आणि ज्ञातीची सूची
(मंडळाच्या भोर येथील वार्षिक संमेलनात वाचलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि वधूवर-सूचक समितीचा अहवाल यांच्यानंतर आमच्याकडे जो विषय आला आहे, तो काहीसा रूक्ष आहे. शिवाय त्यात आमच्या एका चुकीची कबुलीही आहे. तेव्हा आपण थोडा धीर धरून ऐकावे, अशी विनंती करतो.

आपल्या मंडळाची कुटुंब-सूची प्रत्येक घरी आहे. भोर आणि वेल्हे या तालुक्यांतील आपली घरे तीत गाववार दिलेली आहेत. (वेल्ह्यास राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली, जुन्या माणसांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे.) कुटुंबप्रमुख, मुलेमुली, त्यांची वये, शिक्षण, रक्तगट, मुंबई-पुण्याचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक अशी सर्व माहिती तीत सापडते. धरणाच्या पाण्यामुळे किंवा पोटापाण्यासाठी गाव सोडून गेलेल्या माणसांचा एकमेकांशी संबंध राहावा, सोयरीक जमावी, अडल्या वेळी रक्त मिळावे, एवढाच तिचा हेतू. त्या हेतूत आम्हांस आजही काही खोट दिसत नाही.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी एका उमेदवाराचा कार्यकर्ता आमच्याकडे आला व त्याने सूचीची एक प्रत मागितली. उमेदवार कोण, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. दुसरा आला असता तरी आम्ही तेच केले असते. पुस्तक छापील, त्यात लपविण्यासारखे काय, असा विचार करून आम्ही प्रत दिली. पुढे पंधरा दिवसांत मुंबईच्या आपल्या बंधूंना नावानिशी संदेश येऊ लागले, गावी येण्यासाठी गाडीची सोय कळविण्यात आली. इथपर्यंत कोणास फारसे खटकले नाही. परंतु आपल्या एका भगिनीस तिच्या पतीचे नाव घेऊन, त्यांनी मतदानास अवश्य यावे, असा दूरध्वनी आला. ते गृहस्थ वारून वर्ष उलटले होते. त्या बाईंनी आम्हांस विचारले, "आमचा नंबर यांना दिला कोणी?" उत्तर आमच्याजवळ होते, ते त्या वेळी आमच्या तोंडून निघाले नाही. आज निघत आहे.

आता कोणी म्हणेल, मतदारयादी तर सर्वांस खुली असते, मग सूचीचे एवढे काय? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. यादी खुली असते व असलीच पाहिजे. मृताचे नाव राहिले, खोटे नाव घुसले, तर गावानेच हरकत घ्यावयाची असते. नावाचे महत्त्व केवढे, हे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत दिसले. आपले नाव न सांगता 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशी नोंद करविणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रिया त्या वेळी यादीतून वगळल्या गेल्या. मात्र यादीत नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग व ओळखपत्राचा क्रमांक एवढेच सर्वांसमोर येते. संकेतस्थळावरील यादीत छायाचित्रे नसतात, आणि संगणकाने भराभर चाळता येणार नाही अशा चित्ररूपात ती ठेवतात. ती शोधसुलभ स्वरूपात मिळावी म्हणून मध्य प्रदेशातील निवडणुकीच्या वेळी केलेली मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये फेटाळली. यादीत दूरध्वनी छापलेला नसतो आणि जातही नसते. आयोगाने जे जाणूनबुजून बाहेर ठेवले, नेमके तेच आमच्या सूचीत आहे. दोन पुस्तके शेजारी ठेवली की एका तासात प्रत्येक नावापुढे जात, सोयरे आणि नंबर लिहून होतात.

आमच्या डोंगरी मुलखात याचा काच अधिक आहे. पुण्यातील मतदानकेंद्रावर शेजारी शेजाऱ्यास ओळखत नाही. कानद खोऱ्यातील अथवा हिरडस मावळातील केंद्रावर मोजकी मते, आणि त्यांतही चार आडनावे. निकाल केंद्रवार प्रसिद्ध होतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२८ व्या कलमाने मताची गुप्तता राखली आहे हे खरे, परंतु ज्याच्या हाती सूची व केंद्राचा निकाल दोन्ही आहेत, त्यास कोणत्या वाडीने व कोणत्या भावकीने पाठ फिरविली हे ताडण्यास यंत्र फोडावे लागत नाही. मग रस्ता कोणत्या वाडीचा रखडतो, हे आपण जाणताच. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे यंत्र आयोगाने २००८ साली सुचविले, विधि आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याची शिफारस केली. ते काही अमलात आलेले नाही.

अन्यत्रही असे प्रकार घडले आहेत. २०१९ साली हैदराबादेत एका पक्षाच्या ॲपमध्ये मतदारांची खाजगी माहिती वापरल्याचा आरोप होऊन चौकशी झाली. २०२२ साली बंगळुरात एका संस्थेची माणसे निवडणूक कर्मचारी म्हणून घरोघर माहिती गोळा करीत असल्याची तक्रार होऊन गुन्हा नोंदला गेला. तेथे माहिती फसवून घेतल्याचा आरोप होता. आमच्याकडे तर ती मागितली, आणि आम्ही चहा पाजून दिली!

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, हे त्याचे सूत्र आहे. कायद्यान्वये जाहीर होणारी माहिती त्यातून वगळली आहे. आमची सूची काही कायद्याने जाहीर केलेली नाही. ती संगणकावर चढली की तीस हा कायदा लागेल.

काही वडीलधाऱ्यांचे मत असे की, सूची हे ज्ञातीचे बळ आहे. किती घरे आहेत हे उमेदवारास कळले तरच तो आपल्याकडे पाहील. त्यांचा आदर राखून आम्ही सांगतो की, घरांची एकूण संख्या सांगणे निराळे आणि एकेका घराचा नंबर देणे निराळे. शिवाय मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातून उद्भवलेल्या अभिराम सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी बहुमताने ठरविले आहे की, मतदाराच्या जातीच्या नावाने मत मागणे हाही भ्रष्टाचारच होय. आमच्या पूर्वजांनी वतनाचे महजर पेटीत जपले. वाद पडला तर ते गोतसभेपुढे काढीत, वाटेवरच्या मनुष्यास दाखवीत नसत. नातवंडांचे नंबर त्याहून हलके झाले काय?

कार्यकारिणीपुढे आम्ही पुढील सूचना ठेवल्या आहेत. नव्या आवृत्तीत दूरध्वनी, मुलींची वये व रक्तगट छापू नयेत. ते चिटणीसांच्या वहीत राहावेत, आणि विचारणाऱ्याचा निरोप त्या घरी पोहोचवून, घरच्यांची संमती मिळाल्यावरच द्यावेत. जुन्या प्रती शक्य तितक्या परत मागवाव्यात. कोणत्याही पक्षास सूची देऊ नये, मग उमेदवार आपल्या ज्ञातीचा असला तरी.

शेवटच्या सूचनेवर मतभेद होईल, याची आम्हांस कल्पना आहे. नवे अर्ज मंडपाच्या दाराशी ठेवले आहेत. नंबर देण्याचा रकाना त्यांत ऐच्छिक केला आहे. ज्या भगिनीचा उल्लेख केला, त्यांचा अर्ज काल आला. तो रकाना त्यांनी कोराच ठेवला आहे.