कासार्ड्याची वाळू आणि उष्णतेची वाट

आपल्या कणकवली तालुक्यात कासार्डे-पियाळी भागात सिलिका वाळू निघते. ओतकामाचे साचे आणि काच, दोन्हींसाठी ती लागते. आज बोलायचं आहे ते या वाळूच्या एका कणाबद्दल.

हा कण म्हणजे क्वार्ट्झ, सिलिकाचा स्फटिक. उष्णता वाहून नेण्याची क्षमता वॅट प्रति मीटर प्रति केल्विन या एककात मोजतात. क्वार्ट्झची ती दिशेनुसार साधारण ६ ते ११ भरते. हाच कण वितळवून त्याची काच केली, त्यात चिमूटभरही दुसरं काही घातलं नाही, तरी आकडा १.४ वर उतरतो. सोडा आणि चुना घातलेल्या खिडकीच्या काचेचा तर जेमतेम १, आणि तांब्याचा ४००. तांबं सोडा, पण वाळूचा कण आणि त्याची निव्वळ काच यांत अणू तेच, प्रमाणही तेच. मग भट्टीत गेलं काय?

गेली ती अणूंची शिस्त. धातूत उष्णता मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉन नेतात. पण तेच प्रकाश परतवून लावतात, म्हणून तांब्याच्या पत्र्यापलीकडचं दिसत नाही. पारदर्शक पदार्थाला ही सोय नाही. तिथे उष्णता पुढे सरकते ती अणूंच्या थरथरीतून. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना सगळे एका लयीत असले की एकाचा जोर शेवटच्या माणसापर्यंत पोचतो. लय बिघडली की तो चार माणसांतच जिरतो. स्फटिकात ती लय असते, काचेत नसते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स किटेल यांनी १९४९ मध्ये हेच हिशेबाने मांडलं: काचेतली थरथर मोजक्या अणूंइतक्या अंतरातच विखुरते.

म्हणून कुणी उष्णता झपाट्याने नेणारी पारदर्शक काच मागितली, तर माझं उत्तर असं, की काच करूच नका, स्फटिक करा. महागड्या घड्याळांवर कृत्रिम नीलमाची चकती असते. तिचा आकडा ३५ च्या घरात. हिऱ्याचा २००० च्या पुढे, म्हणजे तांब्याच्या पाचपट! जबर ताकदीच्या लेसरसाठी कृत्रिम हिऱ्याच्या खिडक्या करतात, त्या याच कारणाने. (दागिन्यात हिऱ्याचा हा गुण वायाच जातो.)

मधला मार्ग सिरॅमिकचा. बारीक पूड दाबायची, वितळू न देता तापवायची आणि आतली हवेची छिद्रं घालवायची. प्रकाश अडतो तो मुख्यतः या छिद्रांशी. जनरल इलेक्ट्रिकमधल्या रॉबर्ट कोबल यांनी १९५० च्या दशकात अॅल्युमिनात, म्हणजे नीलम ज्याचा स्फटिक त्याच पदार्थाच्या पुडीत, किंचित मॅग्नेशिया मिसळून ती जवळजवळ नाहीशी केली. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्यांतली नळी याच पदार्थाची. ती आरपार स्वच्छ नसते, दुधाळ असते, पण तापलेल्या सोडियमला पुरून उरते. साध्या काचेला ते खाऊन टाकतं.

मराठी मुलखात काच आणि उष्णता यांची गाठ पडली ती कंदिलाशी. कराडजवळ ओगले मंडळींनी १९१६ मध्ये कारखाना काढला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. तापल्या चिमणीवर पावसाचा शिंतोडा पडला की ती तडकते, हे जुन्या लोकांना सांगायला नको. थेंबाखालची काच आकसते, शेजारची फुगलेलीच राहते, आणि उष्णता हळू सरकत असल्याने हा फरक भरून निघत नाही. यावर जगात उपाय निघाला तो दुसऱ्याच बाजूने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या येना गावी ऑटो शॉट यांनी बोरॉन घातलेली काच केली. आज आपल्या स्वयंपाकघरात येणारी बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते. उष्णता ती साध्या काचेइतकीच वाहते! ताप सोसणं वेगळं आणि ताप वाहणं वेगळं. दुकानदार मात्र दोन्ही एकाच तागडीत घालतात.

आता एक हिशेब. कोकणात छपरांवर सौर पॅनेल येत आहेत, आणि ती तापली की वीज घटते. मग वरची काच नीलमाची केली तर? काच सुमारे ३.२ मिलिमीटर जाड. भर उन्हातही उष्णता तिच्यातून पार होताना फार तर एकदोन अंशांचा फरक पडतो. शांत हवेत पृष्ठभागालगतच्या हवेचा अडथळा या काचेच्या तीसेक पट असतो. तेव्हा नीलमाचे पैसे वाचवा आणि पॅनेल कौलांना चिकटवून बसवू नका. खालून हात फिरेल एवढी तरी फट ठेवा, म्हणजे दुपारचा खारा वारा पाठीमागूनही वाहील.