किनाऱ्याची रुंदी

गोव्याच्या समुद्रकिनाऱ्याविषयी बोलावयाचे म्हणजे प्रथम त्याची लांबी सांगण्याचा प्रघात आहे. सुमारे १०५ किलोमीटर, असे आम्ही वर्षानुवर्षे पाठ केले. केरी, मोरजी, कळंगुट, कोलवा, पाळोळे ही नावे त्याच ओघात येतात. या किनाऱ्याची रुंदी किती, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आणि तेथे राहणाऱ्या माणसांचे बरेचसे सुखदुःख तिच्यावरच अवलंबून आहे.

रापणीचेच पाहा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे प्रचंड जाळे. दोराचे एक टोक वाळूवरील माणसांच्या हाती देऊन होडी समुद्रात शिरते, जाळे सोडीत अर्धवर्तुळ घेते आणि दुसरे टोक घेऊन काही अंतरावर परत काठाला लागते. मग दोन्ही दोरांवर माणसांच्या रांगा लागतात. ती माणसे दोर ओढतात, म्हणजे पावलापावलाने मागे सरत जातात. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ येतात आणि अखेर तारल्या-बांगड्यांनी सळसळणारी जाळ्याची झोळी वाळूवर येऊन पडते. वाटे पडतात ते तेथेच: होडीचा, जाळ्याचा, प्रत्येक गड्याचा, सहज दोराला हात लावणाऱ्यालाही चार मासे मिळावेत, अशी रीत. पूर्वी तारल्यांचा सुकाळ झाला म्हणजे उरलेल्या माशांचे माडांना खत होई. एवढ्या उद्योगाला मोकळी वाळू हवी. होड्या वर ओढून ठेवावयाच्या, जाळी पसरावयाची, पावसाळ्याच्या बेगमीचे मासे सुकवावयाचे. खारवी, गाबीत, पागी यांची ही शेतजमीनच म्हणावयाची, फक्त उतारा नसलेली! त्यांतले कोणी नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण करतात, कोणी २९ जूनला संत पेद्रूच्या सणात होड्या जोडून सांगोड काढतात. वाळू दोघांची एकच.

ही रुंदी दोन्ही बाजूंनी आखडत आली. समुद्राकडून यांत्रिक ट्रॉलर आले आणि काठाजवळच्या मासळीवर त्यांची जाळी फिरू लागली. १९७० नंतरच्या दशकात रापणकार संघटित झाले. माथानी साल्ढाणा यांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले आहे. त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. काठालगतचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याची वाट त्याने मोकळी केली. पण पाण्यावर कुंपण घालता येत नाही, आणि तक्रारी संपल्या नाहीत.

जमिनीकडून आली ती हॉटेले. त्यांना समुद्र खिडकीतून दिसावयास हवा, आणि मध्ये येते वाळूची टेकडी! त्या टेकडीवर एक वेल पसरते. पान आपट्यासारखे दुभंगलेले, फूल जांभळट. आपल्या लोकांनी तिला मर्यादवेल म्हटले, यापरते समर्पक नाव मला सुचत नाही. ती उडती वाळू धरून ठेवते, टेकडी बांधते, आणि खवळलेला समुद्र त्या टेकडीशी थबकतो. टेकडी सपाट केली की वेल गेली, आणि पुढच्या पावसाळ्यात लाट थेट अंगणात. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर नव्या बांधकामास मनाई केली. २०११ च्या अधिसूचनेने मांद्रे, मोरजी, आगोंद व गालजीबाग येथील कासवांच्या विणीच्या जागांना नावानिशी संरक्षण दिले. कासवीलाही अंडी घालण्यास कोरडी, अंधारी वाळू लागते, हे येथे सांगावयास हवे.

पाहुण्यांना दोष देऊन मोकळे होता येईल. पण ते खरे नव्हे. मासळी कमी मिळू लागली तेव्हा घरातली खोली भाड्याने देऊन मुलांच्या शाळेचा खर्च भागविणारी खारव्यांची कुटुंबेही आहेत. ज्या होडीतून बापाने जाळे टाकले, तिच्यातूनच मुलगा पाहुण्यांना डॉल्फिन दाखवितो. त्याला काय म्हणून नावे ठेवावीत?

रापण अजूनही काही ठिकाणी पडते. दक्षिणेच्या त्या लांबलचक वाळूकडे कधी गेलात तर उजाडताना जा. माणसे दोर ओढताना दिसली तर जरूर हात लावा. मागे सरताना पाठीशी कोणाची आरामखुर्ची आडवी नाही ना, एवढे तेवढे पाहून घ्या.