प्रतींचा रतीब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझ्या सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जात्यावरच्या ओव्या मात्र शेकड्यांनी पाठ होत्या. मी शाळेतून निवृत्त झाले, मुलाने घरात कॉम्प्युटर आणून दिला आणि आम्हा सासू-सुनांचा एक उद्योग सुरू झाला. दुपारची जेवणं आटोपली की त्या ओव्या म्हणायच्या आणि मी टाइप करायची. समोर जातं नसलं की त्यांना पहिली ओळ आठवत नसे. मग त्या गुडघ्यावर तळहात गोल गोल फिरवायच्या आणि ओवी आपसूक ओठांवर यायची. दोन वर्षं हे चाललं. सगळ्या मिळून ६१२ ओव्या झाल्या.

२०११ मध्ये सासूबाई गेल्या. वर्षश्राद्धाला या ओव्यांची लहानशी पुस्तिका छापून नातेवाइकांना द्यायची, असं ठरलं. त्याच्या महिनाभर आधी एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. आतून नुसती टिकटिक ऐकू येत होती. दुरुस्तीला आलेल्या मुलाने कान लावला आणि म्हणाला, "काकू, डिस्क गेली. बॅकअप आहे ना?"

होता की! दर रविवारी पेन ड्राइव्हवर कॉपी करायचा माझा नेम होता. पहिले पाच रविवार तो पाळलाही. सहाव्या रविवारी पाहुणे आले, सातव्या रविवारी वीज नव्हती, आठव्या रविवारी मी विसरले आणि नंतर विसरले हेही विसरले. पेन ड्राइव्हवर १४० ओव्या सापडल्या. डिस्क पुण्याला पाठवून पाहिली, पण आतल्या तबकडीवरच चरे पडले होते. ४७२ ओव्या गेल्या, आणि त्या पुन्हा सांगणारं माणूसही आता नव्हतं.

मी स्वतःला पुष्कळ बोल लावले. पण शांतपणे विचार केल्यावर कळलं की दोष आळसाचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त होता. आपल्याकडे दूध कसं येतं? रोज सकाळी "आज दूध आणायचं" अशी आठवण ठेवून आपण बाहेर पडत नाही. रतीब लावतो. एकदा सांगून ठेवलं की आपण झोपेत असलो तरी पिशवी दाराला अडकलेली असते. कॉम्प्युटरमधल्या प्रतींचाही असाच रतीब लावता येतो, आणि तो लावायला अर्धा तास पुरतो.

त्यासाठी एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क लागते. कॉम्प्युटरमध्ये जेवढा मजकूर आणि फोटो आहेत, त्याच्या निदान दुप्पट जागेची घ्यावी. विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' नावाची सोय २०१२ च्या विंडोज ८ पासून आहे, ती १० आणि ११ मध्येही आहे. डिस्क जोडायची, कंट्रोल पॅनेलमध्ये 'सिस्टीम अँड सिक्युरिटी'खाली फाइल हिस्टरी उघडायची आणि 'टर्न ऑन' म्हणायचं. तेव्हापासून दर तासाला कॉम्प्युटर पाहतो की कोणती फाइल बदलली आहे, आणि तेवढ्याच फाइलची नवी प्रत ठेवतो. जुनी प्रतही राहते. म्हणजे परवा चुकून खोडलेला परिच्छेद आज परत मिळू शकतो. मॅक वापरणाऱ्यांसाठी 'टाइम मशीन' ही अशीच सोय २००७ पासून आहे.

इथे एक मेख आहे. फाइल हिस्टरी डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठराविक ठिकाणच्याच फाइली उचलते. आपल्याकडे पुष्कळांना 'डी' ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करून काम ठेवायची सवय असते. ते फोल्डर लायब्ररीत सामील केलं नाही, तर रतीब चालू असूनही नेमकं तेच भांडं रिकामं राहतं.

बॅकअपच्या इतर प्रोग्रॅममध्ये वेळ आपल्याला ठरवावी लागते. कित्येक जण रात्री दोनची वेळ देतात. कार्यालयात ते ठीक, पण घरी आपण झोपण्यापूर्वी बटण बंद करतो. बंद कॉम्प्युटर काय कॉपी करणार? घरी तो ज्या वेळी हमखास चालू असतो, तीच वेळ द्यावी. संध्याकाळी आठ म्हणा. विंडोजच्या 'टास्क शेड्यूलर'मध्ये आणखी एक खूण करता येते : ठरलेली वेळ चुकली, तर कॉम्प्युटर सुरू झाल्यावर शक्य तितक्या लवकर ते काम उरकून घे. वीज जाणाऱ्या गावांत ही खूण विसरू नये.

आता तुम्ही म्हणाल, आमचे फोटो तर इंटरनेटवर आपोआप चढतात, मग हे कशाला? चांगलंच आहे, पण तिथे बहुतेक वेळा दोन ठिकाणं एकसारखी ठेवण्याचं काम चालतं. तुम्ही इथे फोटो पुसला की तिथलाही पुसला जातो. काही दिवस तो कचरापेटीत राहतो, मग कायमचा जातो. आरशातलं प्रतिबिंब म्हणजे दुसरी प्रत नव्हे.

डिस्क कायम जोडलेली ठेवण्यातही धोका आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरच्या कॉम्प्युटरमधल्या फाइलींना कुलूप घातलं. असे प्रोग्रॅम जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाहीत. म्हणून पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला नियम लक्षात ठेवावा : तीन, दोन, एक. मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आम्हा सांगलीकरांना यातलं 'घराबाहेर' समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा टेबलावरचा कॉम्प्युटर आणि शेजारची डिस्क यांना वेगवेगळं नशीब असण्याचं कारण नव्हतं. माझी दुसरी डिस्क पुण्याला बहिणीकडे असते. सणावारी भेट झाली की आम्ही डिस्कची अदलाबदल करतो. फराळाच्या डब्याबरोबर तीही जाते.

शेवटचं, आणि सगळ्यांत जास्त टाळलं जाणारं काम : प्रत खरोखर उघडते का, हे पाहणं. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचं काम चालू असताना पिक्सार स्टुडिओत एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअपची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नसल्याचं तेव्हा उघड झालं. गॅलिन सुसमन या सहकारी बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला. एवढ्या मोठ्या ठिकाणी असं होतं, तर आपली काय कथा! म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी डिस्कमधली कोणतीही एक फाइल परत आणून उघडून बघते. दोन मिनिटं लागतात. रतीब लावला तरी पिशवीत दूधच आहे ना, हे अधूनमधून पाहावंच लागतं.

पुस्तिकेचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. त्या १४० ओव्या घेऊन मी सासूबाईंच्या माहेरी गेले. त्यांची धाकटी बहीण अजून होती. तिने ८६ ओव्या सांगितल्या. त्यांतल्या काही हरवलेल्यांपैकी होत्या, काही अगदी नव्या. पुस्तिका निघाली, पण वर्षभर उशिरा आणि निम्म्याहून कमी. हरवलेल्यांपैकी एक ओवी माहेरच्या वाटेवरच्या जांभळीची होती. आशय मला पक्का आठवतो, शब्द आठवत नाहीत. आणि ओवी म्हणजे तर शब्दच.

तुमच्याही घरी असं काही असेल. आजोबांनी लिहिलेल्या आठवणी असतील, लेकीच्या बारशाचे फोटो असतील. आज रविवार आहे. पण "दर रविवारी करू" असं म्हणू नका. आज एकदाच बसा आणि रतीब लावून टाका.