साठा आणि शेजार

घरात रॉकेलचा डबा असला, तर तो चुलीपासून दूर ठेवावा, एवढे शहाणपण कोणत्याही गृहिणीला शिकवावे लागत नाही. कारण डब्यात काय आहे हे तिला ठाऊक असते. कारखान्याच्या टाकीत काय आहे, हे मात्र कुंपणापलीकडे राहणाऱ्या माणसाला ठाऊक नसते. घातक रसायनांच्या साठ्यावर सरकारी नियंत्रण कशासाठी हवे, याचे उत्तर या एका फरकात आहे.

हा फरक किती महाग पडतो, ते भोपाळने दाखवून दिले. १९८४ सालच्या २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यात, एकाच टाकीत, सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट साठवलेले होते. हे द्रव्य थंड ठेवावे लागते आणि पाण्यापासून जपावे लागते. परंतु ते थंड राखणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आली होती, आणि निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोराही दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता. टाकीत पाणी शिरले, द्रव्य तापले आणि विषारी वायू झोपलेल्या वस्तीवर पसरला. तत्काळ मृत्यूंचा सरकारी आकडा २,२५९ होता. पुढे तो वाढतच गेला.

त्या रात्री लोक घराबाहेर पडले आणि वाट फुटेल तिकडे धावत सुटले. तोंडावर ओले फडके धरावे, वाऱ्याच्या दिशेने धावू नये, या दोन साध्या सूचना आधी मिळाल्या असत्या, तर कित्येकांची हानी कमी झाली असती. त्या कोणी दिलेल्याच नव्हत्या. रुग्णालयांत रोग्यांची रीघ लागली, तेव्हा आपण कोणत्या विषाशी झुंजत आहोत, हे डॉक्टरांनाही नीट ठाऊक नव्हते.

या दुर्घटनेनंतर कायदे झाले. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन, धोक्याची माहिती कामगारांना आणि परिसरातील जनतेला देणे कारखानदारावर बंधनकारक झाले. १९८९ साली घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांविषयीचे नियम निघाले. कोणत्या रसायनाचा किती साठा झाला म्हणजे विशेष बंधने लागू होतात, ते त्यांत ठरवून दिले आहे. क्लोरीनसाठी ही मर्यादा १० टनांची, तर अमोनियासाठी ६० टनांची आहे. क्लोरीन गावाचे पिण्याचे पाणी शुद्ध करते आणि अमोनिया शीतगृहे थंड राखतो, हे ध्यानी घेतले म्हणजे हा विषय केवळ मोठ्या कारखान्यांपुरता नाही, हे सहज उमगेल.

या मर्यादेपुढे गेल्यावर आवारातील संकटाची योजना कारखानदाराने करायची आणि आवाराबाहेरची जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी. पहिलीची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी आणि दुसरीची वर्षातून एकदा घ्यायची. याच नियमावलीतील पंधरावा नियम शेजाऱ्यांसाठी आहे: धोका कोणता आणि तो ओढवल्यास काय करावे, काय करू नये, हे त्यांना आधी सांगितले पाहिजे.

नियम इतका स्पष्ट असूनही ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमजवळ पहाटे काय घडले? टाळेबंदीमुळे एल. जी. पॉलिमर्सचा कारखाना काही आठवडे बंद होता. टाकीतील स्टायरिन आतल्या आत तापत गेले, त्याची वाफ लगतच्या वस्तीत शिरली आणि १२ माणसे दगावली. धोक्याचा भोंगा वाजलाच नाही, असे राज्य सरकारने नेमलेल्या समितीला आढळून आले. कारखाना बंद असला, तरी साठा कधी सुट्टीवर जात नाही!

माहिती दिल्यास लोक घाबरतील, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. परंतु दिवसाउजेडी सांगितलेल्या धोक्याने माणूस सावध होतो. मध्यरात्री अकस्मात समोर ठाकलेल्या धोक्याने तो सैरावैरा धावतो. शिवाय माहिती मिळालेला शेजारी हा बिनपगारी निरीक्षकच असतो. निरीक्षक वर्षातून एखाद्या दिवशी येतो. शेजारी तिन्ही त्रिकाळ तेथेच असतो. नवा दर्प त्याला प्रथम जाणवतो आणि भोंगा मुका आहे, हेही त्याच्याच ध्यानात येते.

म्हणून या नियमांची खरी परीक्षा सरकारी दप्तरात होणार नाही. साठ्याजवळच्या वस्तीत जाऊन चार प्रश्न विचारावेत. टाकीत काय आहे? भोंग्याची खूण कोणती? दार लावून घरात थांबायचे की बाहेर पडायचे? पडायचे तर कोणत्या वाटेने? शाळकरी मुलालाही या प्रश्नांची उत्तरे देता आली, तर तेथे कायदा पोहोचला असे समजावे. ती मिळत नसतील, तेथे नागरिकांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊन ती मागावीत. तो त्यांचा हक्क आहे, आणि त्याची किंमत भोपाळने आधीच चुकती केली आहे.