आर्ट्सच्या वर्गातून प्रसूतिकक्षात

बारावीच्या निकालाची वाट बघत आईवडिलांसोबत इथे आलेल्या मुलींनो,

आजचा विषय मी तुमच्यासाठीच निवडला. "बाई, माझं आर्ट्स आहे, मला नर्सिंग जमेल का?" हा प्रश्न मी नर्सिंगच्या मुलींना शिकवत होते तेव्हा दर जूनमध्ये ऐकायची. विचारणारीला त्याचं उत्तर आधीच कुणीतरी देऊन ठेवलेलं असायचं, आणि ते बहुधा चुकीचं असायचं. कुणी म्हणे, सायन्स नाही, विषय संपला. कुणी म्हणे, सहा महिन्यांचा कोर्स करून सिस्टर हो. दोन्ही खोटं आहे, आणि दुसरं जास्त घातक आहे. भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता नसलेल्या कोर्सचं प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवता येत नाही, आणि नोंदणी नसेल तर ती मुलगी कायद्यानं नर्सच नसते. वडिलांनी धान विकून भरलेली फी तिथे बुडते. म्हणून प्रवेश घेण्याआधी मान्यतेचा कागद डोळ्यांनी बघा. मागायला लाजू नका.

आता नियम. बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतंच. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम मात्र कोणत्याही शाखेच्या बारावीला खुला आहे. इंग्रजी विषय हवा आणि 40 टक्के गुण हवेत. सायन्सला पसंती आहे, सक्ती नाही. मुलांनाही तो करता येतो. एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, दोन वर्षांचं, तेही आर्ट्सला चालतं. आणि जीएनएम होऊन नोंदणी झाली की पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांत करता येतं. अठराव्या वर्षी जे दार बंद दिसलं, ते एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी वॉर्डातून आलेल्या मुलीसाठी उघडतं. आपल्या गोंदिया जिल्ह्यात, देवरीत किंवा सालेकसात, मुलगी आर्ट्स घेते ती पुष्कळदा आवडीनं घेत नाही. एसटीच्या वेळेत जे कॉलेज बसतं, तिथे जी शाखा असते, ती तिची होते. तिच्या बुद्धीचा अंदाज शाखेवरून बांधू नये, असं मला फार मनापासून वाटतं.

हल्ली मुली मोबाईलवर वाचून 'नर्स प्रॅक्टिशनर'बद्दल, म्हणजे पुढचं शिक्षण घेऊन स्वतः तपासणी आणि उपचार करणाऱ्या नर्सबद्दल, विचारतात. ही कल्पना 1965 साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात आकाराला आली. लोरेटा फोर्ड नावाच्या नर्स आणि हेन्री सिल्व्हर नावाचे बालरोगतज्ज्ञ यांनी ती मांडली, कारण खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत डॉक्टर पोचत नव्हते. पुढे 1974 मध्ये येल विद्यापीठानं दुसऱ्या विषयांच्या पदवीधरांनाही थेट घ्यायला सुरुवात केली. इतिहास किंवा साहित्य शिकलेली बाई साधारण तीन वर्षांत नर्स प्रॅक्टिशनर होते, हे ऐकून आपल्याला वाटतं की तिथे सायन्स माफ आहे. तसं नाही. अशा अनेक ठिकाणी प्रवेशाआधीच शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र शिकून यावं लागतं. मग नर्सिंगचं मूळ शिक्षण भराभर, त्यानंतर परवान्याची परीक्षा, आणि मग पुढचं. ती घाई परवडते, कारण पायाचं काम आधी झालेलं असतं.

आपल्या देशात असा थेट रस्ता नाही. इथे अतिदक्षता विभागातल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याला बीएस्सी नर्सिंग आणि वर्षभराचा अनुभव लागतो. दुसरा रस्ता प्रसूतिसेवेचा. केंद्र सरकारनं 2018 मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली: नोंदणी झालेल्या, बाळंतपणाच्या कामाचा अनुभव असलेल्या नर्सला अठरा महिन्यांचं प्रशिक्षण, आणि त्यानंतर साधी, धोका नसलेली बाळंतपणं तिनं स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळायची. इथे जीएनएम चालतं. बारावी आर्ट्सच्या मुलीसाठी मला दिसणारा हा सगळ्यात जवळचा खरा रस्ता आहे.

आणि आपल्या जिल्ह्याला नेमकी अशीच नर्स हवी आहे. अर्जुनी मोरगावची किंवा देवरीची अडलेली बाई गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात येईपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात जे व्हायचं ते होऊन जातं. बाळ बाहेर आलं की मिनिटाभरात ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन दंडात किंवा मांडीत गेलं, तर रक्तस्रावाचा धोका बराच कमी होतो. गरोदर बाईला झटके आले तर पुढे पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायचा असतो, दोन्ही कुल्ल्यांत मिळून 10 ग्रॅम. हे करणारी बाई जागेवर हवी, तिचा हात तयार हवा, आणि घाबरलेल्या बाळंतिणीशी तिला गोंडीत किंवा पोवारीत बोलता आलं पाहिजे. त्या बोलण्याचे गुण कोणत्याही प्रवेशपरीक्षेत मिळत नाहीत.

सायन्स न शिकलेल्या बाया हे काम करू शकतात का, याची साक्ष आपल्याच मुलखात आहे. पुण्यात 1909 साली रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभं राहिलं आणि तिथल्या बाया ससून रुग्णालयात परिचारिकेचं काम शिकल्या. त्यांत विधवा होत्या, ज्यांना घराबाहेर पडायची मुभा नव्हती. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत पाचवी-दहावी शिकलेल्या बायांना नवजात बाळांची काळजी शिकवली. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांच्या मानानं 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'नं तो अभ्यास छापला. मात्र यातून शिक्षण नको असा अर्थ काढू नका. त्या बायांना आखलेलं काम होतं, ते त्यांच्याकडून पुन्हापुन्हा करून घेतलं गेलं, आणि पाठीशी सतत कुणीतरी होतं. वॉर्डातल्या नर्सला याहून पुष्कळ जास्त यावं लागतं.

मग आर्ट्सची मुलगी अडते कुठे? पहिल्या वर्षी मानसशास्त्र, समाजशास्त्र असतं, तिथे ती पुढे असते. अडते शरीररचनेच्या इंग्रजी शब्दांत आणि हिशेबात. हिशेब बघा. 500 मिलि सलाईन 4 तासांत द्यायचं आहे. सेटमधून 20 थेंबांत 1 मिलि पडतं. म्हणजे एकूण 10,000 थेंब, आणि मिनिटं 240. भागा: मिनिटाला साधारण 42 थेंब. शाळेतलं त्रैराशिक आहे हे. पण इंग्रजी वाक्यात, अनोळखी हॉस्टेलमध्ये, पहिल्याच आठवड्यात समोर आलं की हुशार मुलगीही गप्प बसते. पहिल्या चाचणीत नापास होते आणि घरी म्हणते, मला झेपत नाही. अशा मुली गेलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांना झेपत होतं. त्यांना कुणी सुरुवातीचं शिकवलं नव्हतं.

धानाचे पऱ्हे न टाकता कुणी रोवणी करतं का? या मुलींचीही तशीच आधी तयारी हवी. बारावीचा निकाल आणि जीएनएमचे वर्ग सुरू होणं यांत काही आठवडे मोकळे मिळतात. तेवढ्यात तालुक्याच्या गावी रोज दोन तास वर्ग घ्यावा, असं मी आज मागते आहे. शरीराच्या संस्था मराठीत समजावून, मग तेच शब्द इंग्रजीत. पेशी, रक्त, जंतू. सिकलसेलपासून सुरुवात करावी, कारण तो आजार आपल्या मुलींनी घरात नाहीतर शेजारी पाहिलेला असतो. तांबड्या पेशीचा आकार बदलला की दुखणं का उठतं, हे कळलं की अर्धं शरीरशास्त्र जवळचं वाटू लागतं. मिलि, मिलिग्रॅम, युनिट यांचे हिशेब रोज दहा. आणि आठवड्यातून एकदा निवृत्त सिस्टरनं येऊन वॉर्डात काय चालतं ते खरंखरं सांगावं, रात्रपाळीसकट, म्हणजे ज्यांना हे काम नको त्या आधीच दुसरीकडे वळतील.

याला मोठा पैसा लागत नाही. एक खोली लागते, फळा लागतो, आणि शिकवणारे चार जण. देवरीच्या वर्गाचं मी स्वतः बघते. गोंदिया, आमगाव, अर्जुनी मोरगावसाठी माणसं हवी आहेत. सभागृहात बायॉलॉजीचे शिक्षक बसले आहेत, निवृत्त सिस्टर बसल्या आहेत. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. व्याख्यान संपल्यावर शिकवणाऱ्यांनी डाव्या पानावर आणि शिकू इच्छिणाऱ्या मुलींनी उजव्या पानावर नाव आणि गाव लिहावं.