सायकल ही अनामत आहे

(संस्थेच्या महाबळेश्वर येथील वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



शिक्षणाच्या समारंभात सायकलीवर बोलावे, हे कुणाला विचित्र वाटेल. पण बारावीनंतर आपली मुले-मुली पुण्याला जातात, तेव्हा स्वस्तातली खोली मिळते ती कॉलेजपासून लांब. रोज रिक्षा परवडत नाही आणि बस वेळेवर मिळेलच असे नाही. अशा घराला कॉलेजपर्यंतचे अंतर हाही शिक्षणाचाच प्रश्न असतो. म्हणून भाड्याच्या सायकलीचा विचार आज आपल्यापुढे मांडतो.

भाड्याची सायकल आपल्याला नवी नाही. एके काळी गावोगावी सायकलचे दुकान असे. मडगार्डवर नंबर रंगवलेला, वहीत नाव आणि वेळ लिहिलेली. दुकानदार मुलाला ओळखत नसला तरी त्याच्या वडिलांना ओळखत असे. सायकल पंक्चर करून आणली की दुकानदार विचारणार, आणि संध्याकाळी घरीही कळणार, हे मुलाला ठाऊक असे. ती ओळख हेच खरे कुलूप होते.

नव्या योजनेत दुकान नाही आणि दुकानदारही नाही. मोबाइलवरून कुलूप उघडावे, काम झाले की रस्त्याच्या कडेला सायकल लावून निघून जावे. ठरलेल्या स्टँडवर परत नेण्याचे बंधन नाही. सोय मोठी आहे यात शंका नाही. पण दुकानदाराची नजर गेली, तिच्या जागी काय आले, हा प्रश्न शिल्लक राहतो.

हा प्रश्न जगात प्रथम १९६५ साली ॲमस्टरडॅममध्ये उभा राहिला. तेथे काही तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली कुलूप न लावता सर्वांसाठी रस्त्यावर ठेवल्या. बिनकुलपाची सायकल रस्त्यावर ठेवणे नियमाविरुद्ध म्हणून पोलिसांनी त्या उचलल्या. हेतू चांगला होता, व्यवस्था नव्हती.

आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे. सायकलींचे शहर म्हणून त्याची ख्याती होती. डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंध भागात अशी योजना सुरू झाली. 'पेडल'च्या मागोमाग ओफो, युलू, मोबाइक आल्या. विद्यार्थ्यांनी योजनेचे स्वागत केले. पण लवकरच तक्रारी सुरू झाल्या. कुणी कुलपे तोडली, कुणी सायकल सोसायटीच्या आत नेऊन लपवली, काही नाल्यात सापडल्या. दोन वर्षे होतात न होतात तोच योजना जवळजवळ बंद पडली. सगळा दोष वापरणाऱ्यांचा नव्हता. सलग आणि सुरक्षित सायकलमार्ग नव्हते, आणि काही परदेशी कंपन्या स्वतःच आर्थिक अडचणीत सापडल्या होत्या. पण ज्याने सार्वजनिक सायकल आपल्या जिन्याखाली बांधली, त्याने कंपनीपेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेला निघालेल्या मुलाचे नुकसान अधिक केले.

मित्रहो, मराठीत आपण ठेव म्हणून दिलेल्या रकमेला 'अनामत' म्हणतो. हा शब्द अरबी 'अमानत'वरून आला आहे. अमानतीत खयानत करू नये, हे आपल्या घरांत लहानपणापासून सांगितले जाते. सायकल योजनेत मला तीन अमानती दिसतात.

पहिली, सायकल. ती वापरणाऱ्याच्या हाती अर्ध्या तासासाठी दिलेली वस्तू आहे.

दुसरी, पैसा. तो कंपनीच्या हाती असतो. चीनमध्ये ओफो कंपनी ग्राहकांकडून अनामत घेत असे. २०१८ च्या अखेरीस कंपनी डबघाईला आली, तेव्हा एक कोटीहून अधिक लोक पैसे परत मिळण्याची वाट पाहत होते. लोकांची ठेव धंद्यात खर्च होऊ नये, ती वेगळ्या खात्यात राहावी, ही अट परवाना देतानाच घालावयास हवी.

तिसरी, रस्ता. फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे. तेथे आडव्या पडलेल्या सायकलीला ठेचकाळणारा वृद्ध किंवा अंध माणूस या योजनेचा सभासदही नसतो. त्याची बाजू नगरपालिकेनेच घेतली पाहिजे. सिंगापूरने २०१८ साली यासाठी कायदा केला. कंपनीला परवाना सक्तीचा झाला आणि सायकलींची संख्या ठरवून दिली. २०१९ पासून सायकल रंगवलेल्या चौकोनात लावून तेथील खूण मोबाइलवर टिपल्याशिवाय भाडे पूर्ण होत नाही. न टिपल्यास पाच डॉलर भरावे लागतात. वारंवार चुकणाऱ्याला काही काळ कोणत्याच कंपनीची सायकल मिळत नाही. दुकानदाराच्या नजरेची जागा अशी नियमाने भरली गेली.

आता आपल्या महाबळेश्वराकडे वळू. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत बाजारपेठ ते वेण्णा तलाव मोटारींची रांग लागते. महाबळेश्वर-पाचगणी हा प्रदेश २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. येथे सायकल वाढणे हिताचेच. पण कोठेही सोडून जाण्याची पद्धत येथे चालणार नाही. रस्ते अरुंद, उतार तीव्र. धुके उतरले की कडेला पडलेली सायकल दिसणारही नाही. पावसाळ्याचे चार महिने सायकल बाहेर ठेवली तर ती गंजून जाईल.

म्हणून येथे बाजारपेठ, एसटी स्टँड आणि वेण्णा तलाव अशी मोजकी ठिकाणे नेमावीत. संख्या मर्यादित ठेवावी. प्रत्येक सायकलीचे ब्रेक रोज तपासले जावेत. घाटाच्या उतारावर ब्रेक म्हणजे जीव. आणि हे काम बाहेरच्या कंपनीकडे देण्याआधी येथे आज सायकली भाड्याने देणाऱ्यांना विचारावे. घोडेवाले, टॅक्सीवाले, सायकलवाले यांची मुले याच शाळांत शिकतात. त्यांची रोजी बुडवून आलेली सोय गावाला लाभणार नाही. मोबाइलची विद्या शिकलेल्या आपल्या मुलांनी त्यांना हिशेबाची नवी पद्धत शिकवली, तर जुनी ओळख आणि नवे यंत्र दोन्ही हाताशी राहतील.

पालकांना एक विनंती आहे. मुलाने भाड्याची सायकल घरी आणून ठेवली, तर 'कंपनीचीच आहे, काय बिघडले' असे म्हणू नका. त्याच वेळी ती जागेवर परत पाठवा. विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो की, सायकल लावताना एकदा मागे वळून पाहा. कुणाची वाट अडते आहे का? पुढच्याला ती चांगल्या स्थितीत मिळेल का? ही सवय ग्रंथालयाच्या पुस्तकाला, वसतिगृहाच्या खोलीला आणि पुढे नोकरीत हाती येणाऱ्या सरकारी पैशालाही उपयोगी पडेल.