राबणं आपलं, घर कुणाचं?

(चारठाणा, ता. जिंतूर, जि. परभणी इथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोड्या संपादनासह.)

मैत्रिणींनो,

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजणींना प्रश्न पडला असेल. चर्चमध्ये काम करणाऱ्या बायकांची गोष्ट इथे चारठाण्यात कशाला? या गावाची ओळख हेमाडपंती देवळांची. शिबिराला आलेल्या आपण बहुतेकजणी हिंदू, बौद्ध आणि मुसलमान घरांतल्या. ख्रिस्ती मैत्रिणी मोजक्याच. मी स्वतः एम.एस.डब्ल्यू. केलेली कार्यकर्ती आहे, धर्मशास्त्राची पंडित नाही. पण संस्था कशा चालतात, त्यात बाईच्या वाट्याला काय येतं, हे पाहणं माझं काम आहे. आणि बाईकडून भरपूर काम घ्यायचं, पण तिला घरची म्हणायचं नाही, ही गोष्ट चर्चच्या इतिहासात इतकी स्वच्छ लिहून ठेवलेली आहे, की ती वाचताना आपलाच आरसा समोर धरल्यासारखं होतं.

आधी थोडी ओळख करून घेऊ. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चपासून निघालेला पंथ. त्यात धर्मसेवेच्या तीन पायऱ्या आहेत : डीकन, त्याच्या वर प्रीस्ट, त्याच्या वर बिशप. आपल्याला उतरंड हा शब्द चांगला माहीत आहे. ही तशीच उतरंड. प्रभुभोजनाचा विधी चालवायचा अधिकार प्रीस्टचा, आणि कुणाला दीक्षा द्यायची हे बिशपच्या हाती. आपल्याकडे हा पंथ एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर पसरला. पुण्यात पंचहौद, नगर भागात मिशनची ठाणी, आणि निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यात औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे रतनजी नौरोजी या पारशी घरातून ख्रिस्ती झालेल्या गृहस्थांनी अनेक वर्षं काम केलं. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला अँग्लिकनांसह सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारत चर्च, ज्याला आपण सी.एन.आय. म्हणतो, ते स्थापन झालं.

या सगळ्या कामात बायका पहिल्यापासून होत्या. ज्या घरात परक्या पुरुषाला उंबरा ओलांडता येत नव्हता, तिथे बायबलबाई जायची. वाचायला शिकवायची, आजाऱ्याजवळ बसायची, प्रार्थना म्हणायची. पाळकाची बायको शाळा चालवायची. पुण्यात फ्रान्सिना सोराबजींनी १८७६ साली व्हिक्टोरिया हायस्कूल सुरू केलं. त्यांचे पती चर्चचे दीक्षित धर्मसेवक होते. फ्रान्सिनाबाईंना मात्र दीक्षेचा दरवाजा नव्हताच. काम दोघांचं, पद एकाचं.

आता एक नाव सांगते, जे मराठी वाचकांना फारसं माहीत नाही. एलन लक्ष्मी गोऱ्हे. जन्म १८५३, काशीचा. वडील नीळकंठशास्त्री गोऱ्हे, चित्पावन ब्राह्मण, ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोऱ्हे झालेले, मोठे विद्वान. आई लक्ष्मीबाई मुलीच्या जन्मानंतर लवकरच वारल्या. मुलगी परक्या घरात आणि पुढे इंग्लंडमध्ये वाढली. तिने लिहिलेली इंग्रजी भक्तिगीतं तिकडच्या चर्चमध्ये गायली जाऊ लागली. तरी १८८० साली ती हिंदुस्थानात परत आली, अलाहाबादेत अनाथ मुलींसाठी राबली, आणि १८९७ साली डीकनेस झाली. डीकनेस म्हणजे सेविका. हा शब्द लक्षात ठेवा. वडिलांना प्रीस्टची दीक्षा मिळाली होती. लेकीची वाट सेविकेपाशी संपली. विद्वत्ता, भक्ती, कष्ट यांत कमी काय होतं? काहीच नाही. फक्त ती बाई होती.

दुसरं नाव तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पंडिता रमाबाई. आपण त्यांना विधवांच्या कैवारी म्हणून ओळखतो, पण चर्चशी त्यांचं जे भांडण झालं ते चळवळीत फार कमी बोललं जातं. १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढून, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन, १८८३ साली त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींकडे राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकू आणि शिकवू लागल्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील यांना रमाबाईंची योग्यता कळलेली होती. १८८५ च्या सुमारास असा विचार निघाला, की रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात.

इथे बिशप मधे पडले. मुंबईचे आणि लाहोरचे. बाईने पुरुषांना शिकवलं हे हिंदुस्थानात कळलं, तर तिथे तिचा मान जाईल, तिच्या कामाची हानी होईल, असं त्यांचं म्हणणं. गंमत बघा. ज्या बाईने कलकत्त्यात पंडितांच्या सभेत बोलून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवल्या, तिला हिंदुस्थानात काय चालतं हे इंग्रज बिशप सांगणार! रमाबाईंनी पत्रातून ठणकावून सांगितलं, की मायदेशी मी पुरुषांच्या सभेत बोललेली आहे, आणि बाप्तिस्मा घेतला म्हणून मी माझी बुद्धी आणि सदसद्विवेक कुणाच्या हवाली केलेला नाही. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांनी प्रेमाने जवळ केलं, आणि तितक्याच आग्रहाने आज्ञाधारक राहायला सांगितलं. रमाबाईंच्या प्रश्नांना त्या अहंकार म्हणत. रमाबाई मांसाहार घेत नव्हत्या, यावर कुरबुर झाली. क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, आमच्या लोकांना कळतील असे संस्कृत शब्द का नकोत, असं रमाबाईंनी विचारलं, तेही खटकलं. हा सगळा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेला आहे. जमल्यास आपल्या गटांत जरूर वाचावा.

मैत्रिणींनो, यातला मुद्दा नीट पाहा. रमाबाईंना कुणी हाकलून दिलं नव्हतं. त्या याव्यात, राहाव्यात, काम करावं, असंच सर्वांना वाटत होतं. अट एकच, की सांगू तसं. आणि रमाबाईंचं म्हणणं असं, की मी ख्रिस्ताची आहे, त्याच्या मंडळीची आहे, पण पाद्री-बिशपांचा शब्दन् शब्द मानायला बांधलेली नाही. ‘मी तुमची आहे, आणि मला तुमचं पटत नाही’ ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणायचा हक्क त्या मागत होत्या. ज्या घरात हा हक्क नाही, तिथे बाई कितीही वर्षं राहिली तरी ती वस्तीला आलेली असते, घरची नसते.

शेवटी रमाबाईंनी आपलं घर वेगळं उभारलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन, पुढे केडगावला मुक्ती मिशन. दुष्काळातून आणलेल्या मुलींना तिथे नुसता आसरा मिळाला नाही. त्यांनी शेती केली, छापखाना चालवला. रमाबाईंनी बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, आणि त्याचे खिळे जुळवले, छपाई केली ती याच बायामुलींनी. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. आज इंग्लंडच्या चर्चच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस रमाबाईंच्या स्मरणाचा आहे, धर्मग्रंथाच्या भाषांतरकार म्हणून. ज्या चर्चला त्या जिवंतपणी जड गेल्या, त्याने त्यांना मरणानंतर घरची मानलं. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचं काय वेगळं झालं? नामदेवांच्या घरची दासी म्हणून दळण-कांडण तिच्या वाट्याला. आज तिचं नाव संतांच्या मालिकेत. बाईचा गौरव करायला समाज फारसा अनमान करत नाही, फक्त ती उलट बोलायला उरलेली नसावी लागते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. १९४४ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, मकाव बंदरात निर्वासितांची दाटी झाली होती. तिथल्या अँग्लिकनांसाठी पुरुष प्रीस्ट पोचू शकत नव्हता. तेव्हा हाँगकाँगच्या बिशपने फ्लोरेन्स ली टिम-ओई या चिनी बाईला २५ जानेवारी १९४४ रोजी प्रीस्टची दीक्षा दिली. अँग्लिकन पंथातली ही पहिली स्त्री प्रीस्ट. युद्ध संपलं, आणि इंग्लंडमधून आक्षेप आला. वाद वाढू नये म्हणून तिने अधिकाराचा परवाना परत दिला, पण दीक्षा मात्र सोडली नाही. अडचण असताना बाई चालते, अडचण सरली की नियम आठवतात. ही रीत तुम्हाला ओळखीची वाटते ना?

इंग्लंडच्या चर्चने स्त्रियांना प्रीस्ट करण्याचा ठराव ११ नोव्हेंबर १९९२ रोजी मंजूर केला. सामान्य सभासदांच्या सभागृहात दोन मतं इकडची तिकडे झाली असती तर तो पडला असता. फ्लोरेन्सबाई त्याच वर्षी फेब्रुवारीत वारल्या होत्या. १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टलमध्ये पहिल्या ३२ जणींना दीक्षा मिळाली. स्त्री बिशपचा ठराव २०१२ साली सहा मतांनी पडला, २०१४ साली मंजूर झाला. आणि २०२५ साली सारा मुलाली यांची कँटरबरीच्या आर्चबिशपपदी निवड जाहीर झाली, जे त्या पंथातलं सर्वांत मानाचं पद. पूर्वी त्या परिचारिका होत्या, हेही सांगायला हवं. आपल्या देशात ३० सप्टेंबर २०१३ रोजी ई. पुष्पा ललिता दक्षिण भारत चर्चच्या नंद्याल धर्मप्रांताच्या बिशप झाल्या.

म्हणजे सगळं छान झालं का? तसं नाही. वरच्या पायरीवर एक बाई पोचली म्हणून खालच्या पायरीवरच्या बायकांचं ओझं आपोआप हलकं होत नाही. आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती बायका बहुतांशी महार-मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांतल्या आहेत. गावाच्या लेखी त्यांची जात गेलेली नाही. सरकारच्या लेखी मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातीत धरले जात नाहीत. अशा बाईला गावात, सरकारदरबारी आणि मंडळीत, तिन्ही ठिकाणी आपण कुठल्या हे सिद्ध करत बसावं लागतं. तिला नुसतं ‘तुझी श्रद्धा मोठी, तुझी चिकाटी मोठी’ म्हणणं ही तिची चेष्टा आहे.

चिकाटी या शब्दाबद्दल मला हेच म्हणायचं आहे. तो शब्द चांगला आहे, पण तो कोण वापरतं ते पाहा. संस्था जेव्हा बाईच्या चिकाटीचं कौतुक करते, तेव्हा पुष्कळदा अर्थ असा असतो, की हिने मागणी केली नाही. मघाशी ‘सेविका’ हा शब्द लक्षात ठेवा म्हटलं होतं. आपल्या अंगणवाडीतल्या बाईला काय म्हणतात? सेविका. तिला मिळतं ते काय? पगार नव्हे, मानधन. आशाताई तर कागदोपत्री स्वयंसेविका. शब्द असे गोड निवडले की हिशोब मागणारीच वाईट ठरते. ग्रामपंचायतीत २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा आपल्या आहेत, तरी किती गावांत बाईची सही आणि नवऱ्याचा कारभार चालतो, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको.

तेव्हा देऊळ असो, मशीद असो, विहार असो, चर्च असो, बचत गट असो, की आपली स्वतःची संघटना असो, चार प्रश्न विचारायला शिकू या. इथलं काम कोण करतं? त्याचा मोबदला कुणाला मिळतो? निर्णयाच्या कागदावर सही कुणाची? आणि जी बाई ‘नाही’ म्हणते, तिचं इथे पुढे काय होतं? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं वहीत सापडतात. चौथ्याचं उत्तर बायकांना विचारावं लागतं, तेही एकेकीला, बाजूला बसवून. आणि खरी परीक्षा तीच आहे. टिकून राहण्यात आपण कधीच कमी पडलो नाही. नकार देऊनही टिकता आलं पाहिजे.

दुपारच्या गटचर्चेत प्रत्येक गटाने आपल्या गावातली एक संस्था घ्यावी आणि हे चार प्रश्न तिला लावून पाहावेत. आपल्या संघटनेपासून सुरुवात केली तर उत्तम. जे निघेल ते लिहून आणा, नावं न घालता. संध्याकाळी त्यावर बोलू.

एवढं सांगून थांबते.